जळगाव एमआयडीसीतला अनुभव कॅनडाच्या पीआरला (कायमच्या वास्तव्याला) धरतात का? पगार अर्धा रोख होता आणि कंपनी बंद झालीये

मेहरूणकर :

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांपासून विचारायचं होतं, आज लिहूनच टाकतो, जरा मोठं होईल.

मी जळगावचा, २०१५ ला उमवितून (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) बीई मेकॅनिकल झालो आणि लगेच एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या एका कारखान्यात लागलो, २०१९ पर्यंत तिथेच होतो. कागदावर हुद्दा ऑपरेटरचाच राहिला पण काम सगळं शिफ्ट सुपरवायझरचं, बारा-बारा तासांची शिफ्ट, एक्सट्रूडर लाइन, मिक्सर, सॉकेटिंग सगळं माझ्याकडे, हाताखाली माणसं. पगार अर्धा बँकेत, अर्धा पाकिटात. पीएफ कापायचे पण कमी पगार दाखवून. २०१९ ला कंपनी बंद पडली. मग काकांच्या दालमिलवर दोनेक वर्षं, लॉकडाऊन त्यातच गेला, घरचंच काम म्हणून पगार असा नव्हता, लागेल तसे पैसे घ्यायचो. २०२१ पासून चाकणला ऑटो पार्टच्या कंपनीत मेंटेनन्स इंजिनिअर आहे, इथे स्लिप, फॉर्म १६, पीएफ सगळं रीतसर. वय ३२. बायको बीएस्सी नर्सिंग, वय २९, जळगावला खासगी हॉस्पिटलात आयसीयूत आहे, पाच वर्षं झाली, मधे मुलगा झाला तेव्हा मोठी सुट्टी होती. आम्ही दोघं एकत्र अर्ज करायच्या विचारात आहोत.

आता अडचण अशी की इकडे भरीत पार्टीला चार जण बसले की प्रत्येकजण सांगतो, अनुभव जितका जास्त तितके पॉइंट जास्त, दहा वर्षं दाखव. आणि एक एजंट म्हणतो जुन्या कंपनीचं लेटरहेड आम्ही बनवून देतो, चौकशीचा फोन आला तर आमचा माणूस उचलेल. मला ते करायचं नाहीये. पण पाइपच्या कारखान्यातली चार वर्षं खरी आहेत हो, घाम गाळून केलेली आहेत, ती अशी वाया जातात का? दालमिलचं काय दाखवू? ज्यांनी हे पार केलंय त्यांनी सांगा.

गिरणाकाठ :

मीही हेच विचारणार होतो, धागा वाचतोय. माझं चाळीसगावला असंच रोखीचं प्रकरण आहे.

तापीपल्याड :

मेहरूणकर भो, राम राम. मी अमळनेरचा, कॅलगरीत असतो, माझी पीआर एक्सप्रेस एन्ट्रीतूनच, म्हणजे मार्कांवर निवड करणाऱ्या ऑनलाइन पद्धतीतून, झाली. जे माहीत आहे ते सविस्तर सांगतो.

आधी तो भरीत पार्टीतला गैरसमज डोक्यातून काढा. सीआरएस म्हणजे १२०० पैकी जो स्कोर असतो त्यात कॅनडाबाहेरच्या अनुभवाला स्वतंत्र मार्कच नाहीत. तो अनुभव इंग्रजीशी किंवा कॅनडातल्या अनुभवाशी जोडून मोजतात आणि त्यात पायऱ्या दोनच, एक ते दोन वर्षं, नाहीतर तीन किंवा जास्त. इंग्रजी सीएलबीत, म्हणजे कॅनडाच्या भाषेच्या पातळीत, ९ असेल (आयेल्ट्स जनरलमध्ये लिसनिंग ८ आणि बाकी तिन्ही ७) तर पहिल्या पायरीला २५ आणि दुसऱ्या पायरीला ५०. पुढे तीन वर्षं काय आणि तेरा वर्षं काय, सारखंच. इंग्रजी सीएलबी ७ किंवा ८ वरच अडकलं तर हेच १३ आणि २५ होतात, म्हणजे तुमची तीच नोकरी इंग्रजीमुळे अर्ध्या किमतीची होते. चाकणची चार वर्षं रीतसर आहेत ना, मग तुमचे ५० तिथेच पूर्ण झाले. पाइपची चार वर्षं जोडून सीआरएसमध्ये एकही मार्क वाढत नाही.

वाढतात ते दुसऱ्या तक्त्यात. फेडरल स्किल्ड वर्कर, म्हणजे बाहेरच्या अनुभवावर पीआर देणारा मार्ग, त्याला पात्र व्हायला १०० पैकी ६७ लागतात, तिथे चार-पाच वर्षांच्या अनुभवाला १३ आणि सहा किंवा जास्त असेल तर १५. फरक दोन मार्कांचा. तुमचं मी मोजून बघितलं, वयाचे १२, बीईचे २१, सीएलबी ९ आलं तर इंग्रजीचे २४, अनुभवाचे १३, झाले ७०. म्हणजे त्या दोन मार्कांवाचून काहीच अडत नाही. शिवाय फक्त गेल्या दहा वर्षांतलंच धरतात, तुमचे २०१५-१६ चे महिने अर्ज करेपर्यंत तसेही बाहेर पडत जातील.

पण मार्क मागायचे नाहीत याचा अर्थ लपवायचं असा मुळीच नाही, इथे लोक घोळ घालतात. इन्व्हिटेशन, म्हणजे अर्ज करायचं बोलावणं, आल्यावर जो पूर्ण अर्ज भरता त्यात गेल्या १० वर्षांचा वैयक्तिक इतिहास मागतात, महिन्या-महिन्याचा, मधे एक महिनासुद्धा रिकामा चालत नाही. तिथे पाइपची कंपनी लिहायची, काकांची दालमिल लिहायची, घरचा धंदा आणि पगार नाही असं सरळ लिहायचं, कुठे घरी बसला असाल तर बेरोजगार लिहायचं, त्यात कमीपणा नाही आणि त्याने अर्ज फेटाळतही नाहीत. अर्ज अडकतो तो गाळल्यामुळे. दालमिलचे मार्क मिळणार नाहीत कारण अनुभव पगारी असावा लागतो, पण इतिहासात ती दोन वर्षं दिसलीच पाहिजेत.

आता ऑपरेटर आणि सुपरवायझरचं. कॅनडात प्रत्येक कामाला पाच आकडी कोड असतो आणि त्यातला दुसरा आकडा म्हणजे टीयर, कामाला लागणाऱ्या शिक्षण-प्रशिक्षणाची पातळी. ०, १, २, ३ चालतात, ४ आणि ५ चालत नाहीत. प्लास्टिक प्रोसेसिंग मशीन ऑपरेटर ९४१११, म्हणजे टीयर ४, बाद. प्लास्टिक आणि रबरच्या कारखान्यातला सुपरवायझर ९२०१३, टीयर २, चालतो. तुमचं चाकणचं काम मेकॅनिकल इंजिनिअर २१३०१ मध्ये बसतं असं मला वाटतं, टीयर १, पण तो कोड उघडून त्यातली कामं स्वतः वाचा आणि आपण खरंच करतो त्यातली किती जुळतात ते बघा. हुद्द्याच्या नावाला ऑफिसर फारशी किंमत देत नाही, रोज काय काम करत होता ते बघतो. त्यामुळे पत्रात हुद्दा ऑपरेटर आणि कामं सुपरवायझरची असली तरी चालू शकतं, पण ते लिहून देणारा खरा माणूस पाहिजे आणि तुमची कंपनी तर बंदच.

आणि बारा तासांच्या शिफ्टचं, आठवड्याला ३० तासांच्या वरचं मोजतच नाहीत. वर्षाला १५६० तास झाले की ते एक वर्ष. साठ तास राबलात म्हणून सहा महिन्यांत वर्ष भरत नाही.

मेहरूणकर :

तापीपल्याड दादा, खूप खूप आभार, हे इतकं स्पष्ट कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे मी ज्या चार वर्षांसाठी झोप उडवून बसलो त्यांची मार्कांना गरजच नाही. पण इतिहासात लिहिलं आणि त्यांनी पुरावा मागितला तर?

धुळ्याचा सीए :

इथे मी बोलतो. माझ्याकडे दर महिन्याला या कामासाठी दोन-चार जण तरी येतात, शिरपूर, दोंडाईचा, साक्री, सगळीकडून. बहुतेकांची पहिली मागणी ही की साहेब, मागच्या तारखेच्या सॅलरी स्लिपा काढून द्या. कोणताही सरळ सीए हे करणार नाही आणि तुम्हीही मागू नका.

पीएफचं पासबुक म्हणजे नोकरीचा सातबारा समजा. यूएएनवरून (पीएफचा कायमचा नंबर) आत शिरलात की कुठल्या कंपनीने कुठल्या महिन्यात किती भरले ते दिसतं, आणि ते तुम्ही बनवलेलं नसतं म्हणून त्याला वजन. कंपनी बंद झाली तरी ती नोंद जागेवर असते, आजच डाउनलोड करून ठेवा. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयसीही, म्हणजे कामगार विम्याचा हप्ताही, कापलं गेलं असेल, त्याच्या ई-पहचान कार्डावर मालकाचं नाव आणि कामावर लागल्याची तारीख असते, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. टीडीएस कापला असेल तर आयकराच्या २६एएस पत्रकात कंपनीचं नाव दिसेल. बँकेचं स्टेटमेंट काढा, जुनं असेल तर शाखेत अर्ज द्यावा लागतो, वेळ लागतो. आणि कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर एमसीएच्या (कंपन्यांची नोंद ठेवणारं मंत्रालय) साइटवर तिची सध्याची स्थिती दिसते, बंद झालीये हे तुमच्या तोंडी सांगण्यापेक्षा तो कागद जोडा.

रोखीच्या भागाबद्दल. बँकेत १२ हजार येत होते आणि पत्रात २५ हजार लिहिले तर ऑफिसर दोन्ही शेजारी ठेवून बघतो, मग पूर्ण पत्रावरचाच विश्वास उडतो. रिटर्नमध्ये जितकं दाखवलं तितकंच तुमचं उत्पन्न. काहीजण विचारतात आता जुनं रिटर्न भरून दुरुस्त करता येईल का, तर अपडेटेड रिटर्नची मुदत संबंधित असेसमेंट वर्ष संपल्यापासून ४८ महिने आहे, तुमची २०१५ ते २०१९ ची वर्षं त्यातून निघून गेली. म्हणून तापीपल्याड म्हणतात तेच बरोबर, त्या वर्षांचे मार्क मागूच नका, नुसती नोंद करा, आणि पीएफ पासबुक हाताशी ठेवा.

चोपडा ते टोरांटो :

एजंटबद्दल कळकळीने सांगतो. माझ्या मावसभावाला असंच लेटरहेड बनवून दिलं होतं, एजंटचं नाव इथे लिहीत नाही. तिकडून ईमेल आला कंपनीला, पत्त्यावर कंपनीच नव्हती, नंबर दुसऱ्याच गावचा. पोराकडे चांगली डिग्री, चांगलं इंग्रजी, खरी तीन वर्षं वेगळ्या कंपनीत होती, ती धरून काम झालं असतं. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली खोटी माहिती म्हणून पाच वर्षांची बंदी बसली. त्या पाच वर्षांत पीआरचा अर्ज करता येत नाही. आणि वय? एकट्याला २९ पर्यंत वयाचे ११० मिळतात, पस्तिशीला ७७, पंचेचाळिशीला शून्य. बंदी संपेपर्यंत त्याचं वयच निघून गेलेलं असेल. मावशीने शेत गहाण ठेवून एजंटला पैसे दिले होते, ते गेलेच.

अजून एक, हे लोक जॉब ऑफर पण विकतात, तिच्यावर ५० नाहीतर २०० पॉइंट मिळतील म्हणून. ते पॉइंट २५ मार्च २०२५ पासून कॅनडाने काढून टाकले. तरी आजही विकतायत. पैसे देऊन सल्ला घ्यायचाच असेल तर तो माणूस कॅनडाच्या कन्सल्टंट कॉलेजच्या रजिस्टरवर आहे का हे आधी बघा, ते ऑनलाइन बघता येतं.

गिरणाकाठ :

बापरे. शेत गहाण ठेवून... वाचून वाईट वाटलं भाऊ.

सातपुड्याची लेक :

मेहरूणकर दादा, तुम्ही सगळं स्वतःचं लिहिलंत आणि वहिनींचं एका ओळीत उरकलंत! मी नंदुरबारची, नर्स आहे, आता सस्कॅचेवनमध्ये. माझं ऐका, मुख्य अर्जदार वहिनींना करून बघा.

नवरा-बायको दोघंही पात्र असतील तर मुख्य अर्जदार कुणीही होऊ शकतं, जिचा स्कोर जास्त तिच्या नावाने. जोडीदार सोबत असताना २९ वर्षांना वयाचे १०० आहेत आणि ३२ ला ८५. शिक्षण तुमचं दोघांचं बॅचलर, त्याचे मार्क सारखेच. अनुभव तिचाही तीन वर्षांच्या वर. मग इंग्रजी सारखं आलं तर ती तुमच्यापुढे १५ मार्कांनी आहे, तिशी लागली की त्यातले पाच लगेच जातात, म्हणून तिच्या वाढदिवसाकडे लक्ष ठेवा. शिवाय आरोग्य क्षेत्राच्या वेगळ्या ड्रॉ (इन्व्हिटेशनच्या फेऱ्या) निघतात, तिथे कटऑफ बऱ्याचदा सर्वसाधारण ड्रॉपेक्षा खाली असतो. तुम्ही दोघांनी आयेल्ट्स द्या, जोडीदाराच्या इंग्रजीचेही २० पर्यंत मिळतात आणि शिक्षणाचे १० पर्यंत.

आता तिच्या अनुभवाचं. नर्सचा कोड ३१३०१, टीयर १. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना ते बघा. पीआरसाठी कॅनडाचं नर्सिंग लायसन्स आधी लागत नाही, ते प्रांताकडचं वेगळं प्रकरण आहे आणि कामाला लागायच्या आधी करावंच लागतं, दोन्ही एकमेकांत गुंतवू नका. आणि बाळंतपणाची रजा वजा करा. आपल्याकडे कायद्याने २६ आठवडे मिळतात, ते नोकरीत धरलेले असतात पण त्या काळात काम केलेलं नसतं, म्हणून अनुभवात मोजू नका. पाच वर्षांतून ती वजा केली तरी तीनच्या वर राहतंच, काळजी नको. फक्त सलग एक वर्षाची जी अट असते ते वर्ष रजेच्या अलीकडचं किंवा पलीकडचं अखंड दाखवा.

खरी लढाई आहे पत्राची. आपल्याकडची हॉस्पिटलं जे देतात ते असं असतं, अमुक सिस्टर आमच्याकडे अमुक तारखेपासून कार्यरत होत्या, त्यांची वर्तणूक चांगली आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा, खाली शिक्का. हे पत्र कॅनडाला काहीच सांगत नाही. तिथे लागतं ते हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, पत्ता, फोन, ईमेल छापलेला, सही करणाऱ्याचं नाव आणि पद, आणि आत तिचं नाव, हुद्दा, रुजू तारीख, अजून कामावर आहे का सोडलं, आठवड्याचे तास, वर्षाचा पगार आणि भत्ते, आणि मुख्य म्हणजे कामं. आयसीयूत ती काय करते? व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं निरीक्षण, तासातासाची नोंद, औषधं आणि इन्फ्युजन, पेशंटची अवस्था बघून डॉक्टरांना कळवणं, केअर प्लॅन, नवीन मुलींना शिकवणं, नातेवाइकांना समजावणं. हे जे ती रोज करते तेच लिहायचं, साध्या वाक्यात. सरकारी साइटवरची यादी जशीच्या तशी उतरवलेली पत्रं ऑफिसरने हजारो पाहिलेली असतात, ती बघताक्षणी त्यांना शंका येते.

तापीपल्याड :

ताईंनी लाखमोलाचं सांगितलं. मीही हेच लिहिणार होतो की वहिनींचं प्रोफाइल मजबूत दिसतंय. मेहरूणकर, दोन्ही बाजूंनी स्कोर काढा, सरकारी साइटवर कॅल्क्युलेटर फुकट आहे.

रावेरची केळी :

माझा जरा वेगळा प्रश्न. मी कुणाची नोकरी केलेली नाही, सावदा-रावेर भागातून केळी घेऊन बाहेर पाठवतो, आठ वर्षं झाली, आधी उत्तरेत ट्रक, आता थोडं आखातात कंटेनर. मला पत्र कोण देणार? मीच मला देऊ का?

धुळ्याचा सीए :

स्वतः स्वतःला दिलेलं पत्र चालत नाही. पण स्वतःचा धंदा बाहेरचा अनुभव म्हणून फेडरल स्किल्ड वर्करमध्ये धरतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. तुमचं तर मला नोकरीवाल्यांपेक्षा सोपं दिसतंय. धंदा तुमच्या नावावर आहे याचा कागद, म्हणजे उद्यम, आयात-निर्यात कोड, लागू असेल तर जीएसटी. उत्पन्नाचा कागद, म्हणजे वर्षावर्षाचं रिटर्न आणि बॅलन्स शीट. आणि ज्यांच्याशी व्यवहार केला त्यांची पत्रं, काय माल किंवा सेवा दिली आणि पैसे कसे आले हे लिहिलेली. आखातातल्या खरेदीदाराचं पत्र आणि बँकेतली परकीय चलनाची नोंद एकमेकांशी जुळली की उत्तम. उत्तरेतला ट्रकचा धंदा सगळा कच्च्या चिठ्ठीवर झाला असेल तर तो सोडून द्या, निर्यातीची वर्षं तेवढी धरा. आणि कोड निवडताना तुम्ही प्रत्यक्षात काय करता ते बघा, नुसतं मालक म्हणून मॅनेजरचा कोड उचलू नका.

एकच जपा. स्वतःच्या धंद्याचा अनुभव कॅनडात गेल्यावर कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लासमध्ये (तिथल्या अनुभवावर पीआर देणारा मार्ग) साधारणपणे धरत नाहीत, तिथे पगारी नोकरीच लागते. तिकडे शिकायला गेलेल्या मुलांचं पण तेच, फुलटाइम शिकत असताना केलेलं काम त्या क्लासमध्ये धरत नाहीत. आपल्या भागातली पोरं दोन वर्षं कॉफीच्या दुकानात राबतात आणि मग कळतं की यातलं काहीच मोजलं जात नाही. त्यांना हे जायच्या आधी सांगा.

भुसावळ जंक्शन :

अमेरिकेवाल्यांसाठी दोन शब्द, कारण भुसावळ-जळगावची बरीच पोरं तिकडे आहेत. तिथे पॉइंट नाहीत पण जुना अनुभव तितकाच आडवा येतो. ग्रीन कार्डची पहिली पायरी पर्म, तिथे कंपनी लिहून देते की या जागेला इतकी वर्षं अनुभव लागतो, आणि तो अनुभव पर्म फाइल व्हायच्या तारखेआधीचा असावा लागतो, बहुतेक वेळा ती कंपनी जॉइन करायच्या आधीचाच. ग्रीन कार्डच्या ईबी-२ वर्गात मास्टर्स नसेल तर बॅचलर आणि त्यानंतरची चढत्या जबाबदारीची पाच वर्षं. म्हणजे पुण्यातल्या कंपनीने दिलेलं पत्र सात-आठ वर्षांनी अचानक लागतं, तोवर तिथला मॅनेजर कुठे गेला देवाला ठाऊक. पत्र मिळतच नसेल तर सोबत काम केलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र आणि बाकी पुरावा बघतात, पण ते दुय्यम. म्हणून कंपनी सोडायच्या दिवशीच कामाच्या तपशिलासकट पत्र घ्या. भारतीयांची रांग किती मोठी आहे ते मी सांगायला नको, प्रत्येक देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे एकदा मिळालेली प्रायॉरिटी डेट (रांगेतली तारीख) एका कच्च्या पत्रामुळे घालवणं परवडत नाही.

पांझराकाठ :

मेलबर्नहून. आयटीवाल्यांनी लक्षात ठेवा, ऑस्ट्रेलियात एसीएस (आयटीवाल्यांचा अनुभव तपासणारी संस्था) तुमच्या अनुभवातली सुरुवातीची वर्षं कापते, डिग्री आणि काम अगदी जुळत असलं तरी किमान दोन. त्यानंतरचीच स्किल्ड म्हणून धरतात. बाहेरच्या अनुभवाला तीन वर्षांना ५, पाचला १०, आठला १५ पॉइंट, तेही गेल्या दहा वर्षांतलेच. आमच्या धुळ्याचा एकजण पाच वर्षं झाली म्हणून १० पॉइंट धरून अर्ज करणार होता, असेसमेंटमध्ये दोन कापली, राहिली तीन, पॉइंट ५. अर्जात जास्त पॉइंट मागून ते सिद्ध झाले नाहीत तर व्हिसा नाकारतात, म्हणून असेसमेंट हातात आल्यावरच आकडा टाका.

दोंडाईचाकर :

जर्मनीचं अजून वेगळं. इथे ब्लू कार्डवर (कुशल नोकरदारांचा परवाना) कायमचं राहण्याचा परवाना इथल्या नोकरीच्या महिन्यांवर मिळतो, २७ महिने आणि जर्मन बी१ असेल तर २१, त्या काळात पेन्शनचे हप्ते भरलेले पाहिजेत. भारतातला अनुभव ब्लू कार्ड मिळवायला कामी येतो, आयटीत डिग्री नसेल तर गेल्या सात वर्षांतला तीन वर्षांचा अनुभव चालतो, पण पीआरच्या महिन्यांत तो मोजत नाहीत. म्हणून इकडच्या सॅलरी स्लिपा आणि पेन्शनचं वार्षिक पत्र पहिल्या महिन्यापासून फाइलला लावा.

वरणगाव :

माझे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेत, मीही तिथेच काही वर्षं होतो. सरकारी नोकरीचं वेगळं काही लिहावं लागतं का?

तापीपल्याड :

हो भाऊ. सरकारी पदं आणि लष्करी सेवा यांचे रकाने वेगळे आहेत, तुम्ही स्वतः केलेली नोकरी तिथे खातं, पद, ठिकाण, तारखा टाकून लिहायची. संरक्षण खात्याशी संबंध आहे म्हणून बरेचजण घाबरून गाळतात, तसं करू नका. प्रश्न विचारतील, वेळ जास्त लागू शकतो, पण खरी माहिती दिली की त्यात काही वावगं नाही.

मेहरूणकर :

मंडळी, दोन-तीन दिवस गायब होतो कारण कामाला लागलो होतो. पीएफचं पासबुक काढलं, पाइपच्या कंपनीचे ४७ महिने त्यात दिसतायत, बघून खरंच बरं वाटलं. ईएसआयसीचं कार्डपण निघालं, सीए साहेब त्यासाठी विशेष आभार. एजंटला कळवलं की नको. बायकोने कॅल्क्युलेटरवर दोघांचं टाकून बघितलं, तिचाच स्कोर जास्त येतोय, त्यामुळे आता तीच मुख्य अर्जदार आणि दोघं आयेल्ट्सच्या तयारीला लागलोय. आईला सांगितलं तर ती अहिराणीत म्हणे, "बठ्ठा कागद गोया करी ल्या, मंग मन्हासंगे बोला." घरचा पाठिंबा आहे म्हणायचा.

पण आता ताई तुम्हालाच विचारतो. हॉस्पिटलचे एचआरवाले म्हणतात आमचा ठरलेला नमुना आहे, त्याच्यापलीकडे एक ओळ लिहून देणार नाही. शिवाय तिचे ओरिजिनल सर्टिफिकेट रुजू होताना जमा करून घेतलेत, ते परत मागितले की सोडून जातेय का विचारतात. काय करावं?

सातपुड्याची लेक :

दादा, हे जवळपास प्रत्येक नर्सच्या वाट्याला येतं, आणि ओरिजिनल अडकवून ठेवणं मला मुळीच पटत नाही, ती तिची मेहनतीची कागदं आहेत. आधी लेखी अर्ज देऊन परत मागा, शैक्षणिक पडताळणीसाठी हवेत असं खरं कारण लिहा, कारण डब्ल्यूईएस या संस्थेकडून ईसीए, म्हणजे डिग्रीची कॅनडासाठीची पडताळणी, करताना विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट लागतातच. अर्जाची पोच घ्या. तोंडी भांडत बसू नका.

पत्राचं असं करा. एचआर त्यांच्या नमुन्यात तारखा, हुद्दा, पगार लिहून देतात ना, ते घ्या, त्यात आठवड्याचे तास तेवढे घालायला सांगा, ती त्यांच्या रेकॉर्डवरचीच गोष्ट आहे. आणि कामांचं वेगळं पत्र नर्सिंग सुपरिटेंडेंट किंवा आयसीयूच्या इनचार्जकडून घ्या, ज्या तिचं काम रोज बघतात. तेही लेटरहेडवर मिळालं तर उत्तम. नाहीच दिलं लेटरहेड तर त्यांच्या सहीचं, पद आणि फोन लिहिलेलं पत्र घ्या, सोबत नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, फॉर्म १६, आणि वर एक पानाचं स्पष्टीकरण की मी पूर्ण पत्र मागितलं, अमुक तारखेला लेखी अर्ज दिला, हॉस्पिटलने नमुन्याबाहेर लिहून द्यायला नकार दिला. म्हणूनच ती पोच सांभाळायची. इन्व्हिटेशन आल्यावर फक्त ६० दिवस असतात, त्या दिवसांत मेट्रनच्या मागे फिरणं फार अवघड जातं, म्हणून हे आत्ताच, प्रोफाइल टाकायच्या आधी.

मसुदा तुम्हीच टाइप करून न्या, त्यांना वेळ नसतो. पण त्यांना वाचून दाखवा आणि जे खरं नाही ते त्यांना खोडू द्या, कारण उद्या ईमेल आला तर उत्तर त्यांना द्यायचंय.

मेहरूणकर :

समजलं ताई. ती आधी वर्षभर जनरल वॉर्डला होती, मग आयसीयूत आली. इनचार्ज वेगवेगळ्या आहेत, वॉर्डवाल्या सिस्टर आता निवृत्त होऊन पाचोऱ्याला असतात. दोन पत्रं घेऊ का?

सातपुड्याची लेक :

एचआरच्या पत्रात दोन्ही टप्पे तारखांसकट वेगळे लिहून घ्या, वॉर्ड इथून इथपर्यंत, आयसीयू इथून पुढे, रजेच्या तारखाही त्यातच येऊ द्या. कामांचं पत्र आयसीयूच्या इनचार्जकडून घ्या कारण तीन वर्षांच्या वरचा भाग तोच आहे. पाचोऱ्याच्या सिस्टरांना फोन करून ठेवा, त्यांचं सहीचं पत्र जोडपत्र म्हणून असू द्या, पण ते हॉस्पिटलच्या लेटरहेडवर घेऊ नका, निवृत्त माणसाने आता ते वापरणं बरोबर नाही. साध्या कागदावर, मी तेव्हा त्या वॉर्डची इनचार्ज होते असं लिहून, आजची तारीख टाकून.